घटाच्या गोळ्या

माझ्या सासूबाई, साखरबाई, यांच्या घरात शिरायचं तर आधी पाय धुवावे लागायचे, आणि ते त्यांच्या मनासारखे धुतले गेले नाहीत तर पुन्हा धुवावे लागायचे. भांडगावला हायवेपासून थोडं आत आमचा मळा. ऊस, कांदा, म्हशी, गडीमाणसं, आणि या सगळ्यांवर राज्य आत्याबाईंचं. सासूला मी आत्याबाईच म्हणायची, आमच्याकडची तशीच रीत. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की विहिरीवरच्या गड्याला ओट्यावरून हाक पोचायची. सासरे संपतमामा सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटायचे आणि घरी आले की चपला कुठं काढू म्हणून बायकोच्या तोंडाकडं बघायचे.

विटाळाच्या बाबतीत तर आत्याबाई कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. घरातल्या बाईची पाळी आली की तिनं गोठ्यालगतच्या खोलीत जायचं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी वाकळ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सावली पडलेलीही चालायची नाही. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, इनामगावचं. तिथं आमची आई पाळीतसुद्धा चुलीपुढंच असायची, कारण ती बाजूला बसली असती तर भाकरी थापणार कोण होतं? म्हणून मला हे सगळं बघून हसू यायचं. आत्याबाईंच्या घरात मात्र हसायची सोय नव्हती.

एकदा त्यांची धाकटी जाऊ, धुरपदाकाकू, ऐन मुलीच्या हळदीच्या दिवशी बाजूला झाली. आत्याबाईंनी तिला मांडवातून उठवलं, खोलीत बसवलं आणि मुलीला पहिली हळद स्वतः लावली. काकू खोलीच्या दारातून बघत राहिल्या. गावातल्या बायका अजून ही गोष्ट सांगतात, आणि सांगताना आवाज बारीक करतात. त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या. आत्याबाईंनी मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. असं आपल्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

केडगावला बाजाराला गेल्यावर एका मेडिकलवाल्यानं त्यांना पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दिल्या. नवरात्रात घरी घट बसतात, तेव्हा त्या घ्यायला लागल्या. त्यांचं बघून भावकीतल्या बायकाही घ्यायला लागल्या, आणि गोळ्यांना नाव पडलं घटाच्या गोळ्या. डॉक्टरला कुणी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? देवाच्या कामासाठी घेतलेली गोळी बाधते कशाला, असा आत्याबाईंचा हिशेब. माझं लग्न ठरलं तेव्हा बस्त्याच्या साड्या आमच्या घरी आल्या, आणि पैठणीची घडी उलगडली तर आत गोळ्यांचं पाकीट! आईनं डोक्याला हात लावला. मी हसून हसून लोळले. माझी तारीख लांब होती, तसा निरोपही आईनं पाठवला, आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकून दिलं.

आमचं लग्न एक्याण्णव साली तुळशीच्या लग्नानंतर झालं. आत्याबाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या घटस्थापनेच्या आधी. दसरा झाला, पण पुढं दिवाळी, मग देवक, मग लग्न, मग गोंधळ. म्हणून त्यांनी त्या बंदच केल्या नाहीत. माझे यजमान, दत्ता, हे नवसाचे. आधीची दोन लेकरं हाताला लागली नव्हती. हा जगला तर याच्या लग्नात गोंधळ घालीन आणि दिवटीत माझ्या हातानं रात्रभर तेल घालीन, असं आत्याबाईंनी देवीला बोललेलं. त्यामुळं त्या रात्री त्यांना कोरडं राहायचंच होतं. पण लग्नाच्या धांदलीत गोळ्या संपल्या. केडगावला जायला त्यांना सवड नव्हती आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट पुरुषाच्या हातात देऊन दुसरं आण म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. आता दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून त्या तशाच राहिल्या. हे सगळं मला नंतर कळलं.

गोंधळाच्या रात्री अंगणात उसाच्या टिपऱ्यांचं मखर उभं केलं होतं. खाली पाटावर गव्हाचा चौक, त्यावर कलश, बाजूला पेटलेली दिवटी. चौकासमोर काळी घोंगडी अंथरून आम्हाला बसवलं. एका कडेला आत्याबाई, दिवटीला लागून, मग मी, मग हे. माझा पदर यांच्या उपरण्याला बांधलेला. संपतमामा पागोटं घालून पुरुषांत बसले होते. आमच्या मागं बायका, आणि त्यांत सगळ्यांत पुढं धुरपदाकाकू.

संध्याकाळपासून आत्याबाई तांब्या घेऊन दोन-तीनदा मागं जाऊन आल्या होत्या. पोट बिघडलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. गोंधळ्यांनी संबळावर टिपरू टाकलं आणि एकेका गावच्या देवीला हाका सुरू झाल्या. थंडी चांगलीच पडली होती, तरी आत्याबाईंच्या कपाळावर घाम दिसत होता. तेल घालताना त्यांचा हात हलला, धार दिवटीच्या बाहेर गेली. मी सावरून बसायला हात घोंगडीवर टेकला आणि तळव्याला ओलं लागलं. सांडलेलं तेल असेल म्हणून हात दिवटीच्या उजेडात धरला, तर लाल.

मला पहिल्यांदा वाटलं मलाच काही झालं. मग कळलं, ओल त्यांच्या बाजूनं येतेय.

"आत्याबाई," मी हळूच म्हणाले.

"गप बस."

"आवो, तुमच्या खाली सगळं—"

"म्हाईत हाय मला. पुढं बघ."

मी मान खाली घालून पुढं बघितलं, आणि हात पैठणीच्या आतल्या बाजूला पुसला. नवरी होऊन या घरात येऊन मला दोनच दिवस झाले होते. कोण कुणाचं कोण, हेही धड ठाऊक नव्हतं.

"आत चला ना," मी पुन्हा म्हणाले. "मी काहीतरी निमित्त सांगते."

"उठले तर समद्यांना दिसंल. मागं धुरपदा बसलीया." त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता, पण पकड अशी की बांगडी रुतली. "आन् दत्ता नवसाचा हाय माझा. ह्या गोंधळात काय वंगाळ झालं तर त्याच्यावर यील. आरतीपतूर बसायचं. मग मेले तरी चालंल."

आरती होणार होती पहाटे. मी यांच्याकडं कलून विचारलं, "अजून किती देव्या राहिल्यात?" यांना वाटलं बायकोला झोप आली. गालातल्या गालात हसून म्हणाले, "आत्ताशी तर सुरुवात हाय."

त्या रात्री मला संताप आला तो गोंधळ्यांचा. गडी काय रंगात आले होते! एका देवीला बोलवायचे, तिची पालखी, तिचं वाहन, तिचे शालू, सगळं वर्णन करायचे आणि मगच पुढच्या देवीकडं वळायचे. इकडं आत्याबाई पाणी मागायच्या, पुन्हा मागायच्या. ओठ पांढरे पडले होते. तेलाची वाटी त्यांनी मांडीवर ठेवली, मग ती उचलवेना. थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बघणाऱ्या बायकांना कौतुक वाटलं असेल, सासूचा सुनेवर किती जीव म्हणून. माझ्या मांडीखालून ओल पलीकडं चालली होती. एवढं रक्त बाईच्या अंगातून पाळीचं म्हणून जातं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ही बाई माझ्या खांद्यावर मरणार आणि लोक संबळ ऐकत बसणार!

"आत्याबाई, मी आता बोलणार."

"तुला दत्ताची आन हाय."

"तुमचं नाव न्हाई घेत."

"देवीला काय सांगशील गं?" आवाज पुटपुटण्याइतका उरला होता.

"तिचं मी बघून घेते," मी म्हणाले. आणि मागं वळले.

"काकू," मी धुरपदाकाकूंना म्हणाले, "मला अडचण आलीया."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मग घोंगडीकडं. मग आत्याबाईंच्या पाठीकडं, जरा जास्तच वेळ. मग त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "थांबवा वो! नवरीला कावळा शिवलाय!"

संबळ थांबला. त्या शांततेत बायकांची जी कुजबुज उठली ती मला आजही ऐकू येते. यांचं तोंड उतरलं. मी स्वतःच्या हातानं पदराची गाठ सोडली. नवरीनं गाठ सोडायची नसते, पण कुणी पुढंच येईना, विटाळात कोण हात घालणार! "आत्याबाईंनाबी शिवलेय मी," मी म्हणाले. "त्यांनापण आंघोळीला उठावं लागंल." शिवाशिवीचा कायदा त्यांचाच होता. मी माझी शाल त्यांच्या कमरेभोवती लपेटली, काखेत हात घालून उठवलं आणि घराला वळसा घालून मागं न्हाणीकडं नेलं. पाठीमागं काकूंचा आवाज आला, "दत्तावर गोमूत्र शिंपडा, घोंगडी बदला. दिवटी विझू दिऊ नका, मी घालते तेल." गोंधळ पुन्हा सुरू झाला.

न्हाणीत कंदील होता. आत्याबाई भिंत धरून उभ्या राहिल्या आणि लुगडं सोडू गेल्या. आत जुन्या पातळाच्या घड्यांवर घड्या, सगळ्या भिजून थबथबलेल्या, आणि त्यांच्याबरोबर काळ्या गाठी फरशीवर पडल्या. "कमी हुतंय आता," त्या म्हणाल्या, आणि सरळ खाली बसल्या. बसल्या कसल्या, कोसळल्या. डोळे अर्धे उघडे. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. आयुष्यात सासूला मारायचा योग आला तो एवढाच.

सांगायचं कुणाला? बायकांना सांगावं तर बिंग फुटेल, दत्ताची शपथ घातलेली. यांना चौकापुढून उठवता येत नव्हतं. जीप घरचीच होती, आणि यांच्याशिवाय ती चालवणारे होते फक्त संपतमामा. नव्या सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहायचं नसतं, बोलायचं नसतं, आणि मी तर आता विटाळशी. मी दारातून पाहिलं. पुरुषांच्या गर्दीत मामा डुलत होते. मी पदर डोक्यावर ओढला आणि अंगणातून सरळ त्यांच्याकडं चालत गेले. बायका ओरडल्या, "आगं ए, कुठं चाललीस? लांब हो!" माणसं अंग चोरून वाट सोडत होती, त्यामुळं रस्ता आपोआप झाला.

"मामा," मी म्हणाले, "आत्याबाई चक्कर येऊन पडल्यात. जीप काढा."

त्यांनी एकदाच माझ्या हातांकडं पाहिलं. मग पागोटं उतरवून शेजारच्याच्या मांडीवर ठेवलं आणि उठले.

आत्याबाईंना जीपच्या मागच्या फळीवर आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर. हायवेला लागलो आणि पुढं उसाचे ट्रॅक्टर. कारखान्याचा सीझन, एकामागं एक दोन-दोन ट्रेलर, मागं दिवा नाही, समोरून सोलापूरचे ट्रक. मामा हॉर्नवरून हात काढत नव्हते, पण ट्रॅक्टरवाल्यानं लावलेल्या गाण्यापुढं हॉर्न कुणाला ऐकू जाणार?

"जागी हाय का?" मामा पुढूनच विचारायचे.

"हायत."

जरा पुढं गेलं की पुन्हा, "जागी हाय का?"

एकदा मी काहीच बोलले नाही, कारण मला खरंच कळत नव्हतं. तेव्हा मामांनी जीप रस्त्याच्या खाली घातली आणि मुरमातून, खड्ड्यांतून ट्रॅक्टरांच्या रांगेच्या बाजूनं पळवली. जीप एवढी कलंडली की मी डोळे मिटून घेतले. चौफुल्याला पुन्हा वर आलो आणि केडगावला वळलो. आत्याबाईंच्या नाकापाशी मी बोट धरून बसले होते. श्वास लागत होता, पण एका श्वासानंतर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

केडगावच्या डॉक्टरीणबाईंना झोपेतून उठवलं. त्यांनी पाय वर बांधले, दोन्ही हातांना सलाइन लावली, इंजेक्शनं दिली. पिशवी साफ करावी लागली. रक्ताच्या बाटल्या दौंडहून आणाव्या लागल्या, त्यासाठी मामा पुन्हा त्याच रस्त्याला लागले. उजाडल्यावर आत्याबाईंनी डोळे उघडले. बाईंनी विचारलं, "कसल्या गोळ्या खात होतात का?" आत्याबाईंनी मानेनं नाही म्हटलं. मग मीच सांगितलं. डॉक्टरीणबाई अशा काही बोलल्या की आत्याबाईंना आयुष्यात तसं कुणी बोललं नसेल. महिना-दीड महिना पाळी दाबून ठेवायची, मग गोळ्या एकदम सोडायच्या, त्यात पिशवीत गाठ. "अजून तासभर बसला असतात तर घरच्यांनी गोंधळानंतर लगेच तेराव्याची तयारी केली असती." आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या. मला मात्र त्या वेळी एवढं बरं वाटलं की मी बाहेर पायरीवर बसून भडाभडा रडले.

बाई वाचली. गोष्ट मात्र माझ्या गळ्यात पडली. आम्ही परत यायच्या आतच गावात ठरून गेलं होतं की नवरी गोंधळात बाहेरची झाली, सासूला शिवली, देवीचा कोप झाला आणि सासू मरता मरता वाचली. "नाव सुलक्षणा, आन् लक्षणं बघा," असं पाणवठ्यावर मला ऐकू येईल इतपत हळू बोललं जायचं. सगळ्यांत पुढं धुरपदाकाकू. हळदीकुंकू असो, बारसं असो, माझ्याकडं बोट दाखवून त्या आत्याबाईंनाच म्हणायच्या, "बाई, तुमच्या सुनंला जरा लांब बसवा. हिच्यापायी तुम्ही जात हुता." आणि मग आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहायच्या.

आत्याबाई गप्प. पुढं पुण्याला नेऊन पिशवी काढली, अंग भरून आलं, आवाज परत आला, पण या एका गोष्टीवर तोंड उघडेना. मला काही कमी केलं नाही त्यांनी. तव्यावरची पहिली भाकरी मला, दुभत्याच्या किल्ल्या मला. माझी पाळी आली की खोलीत जा असंही म्हणेनात, नुसत्या दुसरीकडं बघायच्या. मला भाकरी नको होती, किल्ल्या नको होत्या. एकदा चारचौघांत तोंडानं बोलायला हवं होतं. रोज सकाळी वाटायचं, आज बोलतील. संध्याकाळपर्यंत राग दाटून यायचा, आणि ताटं आपटत मी निजायला जायची. यांना खरं माहीत होतं. मामांना तर पहिल्यापासून. दोघंही म्हणायचे, जाऊ दे, आईला बरं वाटू दे. बरं वाटून चैत्र आला.

भावकीनं ठरवलं, देवीचा कोप उतरायला गोंधळ पुन्हा घालायचा. तसंच मखर, तीच माणसं. मी आंघोळ करून घोंगडीकडं निघाले तर धुरपदाकाकू आडव्या आल्या.

"हिला न्हाई बसवायचं. एकदा झाला तेवढा इटाळ बास. काय बाई, बरुबर हाय का न्हाई?"

आत्याबाई दिवटीला वात लावत होत्या. त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मनात म्हणाले, आता नाही बोललात तर मी उद्या इनामगावची एसटी धरते. खरंच धरली असती.

त्यांनी दिवटी खाली ठेवली. पदर सारखा केला आणि सगळ्या अंगणाकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"त्या राती ही चांगली हुती," त्या म्हणाल्या. विहिरीपर्यंत पोचणारा आवाज, पण मध्येच चिरकला. "बाहेरची मी झाले हुते. संध्याकाळपस्नं. तशीच बसले देवीम्होरं. पोरीनं माझ्यासाठी स्वताच्या अंगावर घेतलं. माझ्या दत्ताला काय व्हायचं आसंल म्हणून आजपतूर तोंड शिवून बसले. त्याला तर काय बी झालं न्हाई. जे व्हायचं ते हिचंच झालं."

धुरपदाकाकूंना आता किती उकळ्या फुटतील, असं मला वाटलं. इतक्या वर्षांची वाट बघितलेली घटका होती. पण काकूंचे डोळे भरले होते.

"मला त्याच राती कळलं हुतं, बाई," त्या म्हणाल्या. "मी मागंच बसले हुते. तुम्ही कवा बोलताय तेवढंच बघत हुते. म्हणून तर हिला बोलत हुते, तुमच्या देखत."

दोघी जावा एकमेकींकडं बघत उभ्या. डोळ्यांना पदर लागले. बायकाही नाकं ओढायला लागल्या. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आन् मधी मी मरत हुते, त्याचं काय?" मी ओरडले. सासऱ्यापुढं, भावकीपुढं, गोंधळ्यांपुढं. "ह्यांना बोलवत न्हवतं आन् तुम्हाला ह्यांच्या तोंडून वदवायचं हुतं, म्हणून मी शिव्या खायच्या व्हय?"

संबळवाल्यानं टिपरू वर धरलं होतं, ते तसंच राहिलं. धुरपदाकाकूंनी मान खाली घातली. आत्याबाई घोंगडीवर बसल्या, दिवटीपासून बाजूला सरकल्या आणि दिवटीजवळच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "ये पोरी. हितं बस."

मी बसले. पण लगेच नाही. दोघींना चांगलं ताटकळत ठेवलं आणि मग बसले.